नाक कुठल्या भिंगाचं?

“म्हणजे शकिलाचं नाव काढून टाका, असं मी लिहून द्यायचं?”

“हो, सर! अगदी स्पष्ट लिहा.”

अच्युतानंदांनी संन्यास घेऊन नऊ वर्षं झाली होती, तरी निरंजन त्यांना सरच म्हणे. कॉलेजात त्यांनीच त्याला माशीचा डोळा सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला होता. त्यावरून त्यानं हा कॅमेरा केला. नखाएवढा, चपटा, शंभर बारीक भिंगांचा. पेटंटच्या अर्जावर मात्र दोन नावं लागली आणि त्याचं पित्त खवळलं. निरंजनच्या संशोधन संस्थेत सरांच्या शब्दाला अजून मान होता. त्यांचं पत्र गेलं, की त्याच्या सहकारी शकिला मुलाणीचं नाव गळणार होतं. त्यासाठी गडी भर उन्हात मठाच्या सहाशे पायऱ्या चढून आला होता.

“तिनं काय केलं?”

“भिंगांवर लाल, हिरव्या, निळ्या काचा बसवल्या. चार वर्षं तेवढंच! हाडाची काडं केली मी, आणि निम्मं श्रेय तिला? हा धडधडीत अन्याय आहे, सर!”

सरांनी कागद पुढे ओढला. पेनाचं टोपण काढलं. निरंजनला हायसं वाटलं.

“आधी माझा एक फोटो काढ.”

त्यानं काढला. मोबाइलवर सरांचा चेहरा उमटला. भगवी कफनी, पांढरी दाढी, तपकीर ओढून लाल झालेलं नाक.

“छान आलाय. हे नाक कुठल्या भिंगानं काढलं?”

“कुठल्या एका नाही. सगळ्यांनी मिळून.”

“तरी पण... जास्त कुणी?”

“तसं नसतं, सर.”

“पहिल्या रांगेतल्यानं काढलं असेल...”

निरंजनचा संताप अनावर झाला. एवढा विद्वान माणूस, आणि मठात बसून साधं शास्त्र विसरला!

“नाही हो! एकट्या भिंगाला एकाच रंगाचं, धुरकट काहीतरी दिसतं. शंभर चित्रं एकावर एक ठेवली, तेव्हा कुठे नाक होतं. त्यात अमक्याचं किती नि तमक्याचं किती, हे विचारणंच मूर्खपणाचं आहे!”

बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली. गुरूला मूर्ख म्हटलं होतं त्यानं.

सर रागावले नाहीत. त्यांनी पेन कागदावर टेकवलं.

“जरा सावकाश सांग,” ते म्हणाले. “पत्रात हेच लिहितो.”