केराईची बाज

आपल्या पणज्या पाळण्यात होत्या, त्याच्याही आधीची ही गोष्ट. टेंभुरखेड्यात तेव्हा सगळे घोंगडीवर नाहीतर बाजेवर निजायचे. पलंग एकट्या रंभाजी पाटलाकडे. आणि पलंग तरी कसला! काळ्या शिसवीचा, चारी कोपऱ्यांवर मोर कोरलेले, वर चढायला चौरंग लागायचा. सोयरीक घेऊन आलेले लोक आधी पलंग बघायचे, मग मुलगा. असं म्हणतात, पलंगाला चरा पडेल म्हणून पाटील स्वतः खाली सतरंजीवर निजायचा!

पाटलाच्या सुनेचे, चिमाचे, दिवस भरले. पाटलानं सांगून टाकलं, बाळंतपण पलंगावरच होईल. केराई सुईण म्हणाली, बाळंतिणीला विणलेली बाजच लागते, खालून शेगडीचा शेक अंगाला लागतो. पाटील हसला. म्हणाला, आमच्यात बाज गोठ्यातल्या गड्याला देतात.

भर दुपारी चिमा बाळंत झाली. पण पोर रडेना, आणि चिमाचे हातपाय गार पडत चालले. केराईनं पलंगाखाली शेगडीवर शेगडी सारली. काय उपयोग? सगळी ऊब त्या जाड फळ्यांनीच खाल्ली.

मग केराईनं पदर खोचला आणि कुऱ्हाड मागितली. पाटील आडवा आला.

"पाटील, फळ्या राखायच्या का सून? एकच सांगा."

पाटलाचा हात पलंगावरच्या मोराकडे गेला. बोलली ती पाटलीण. "घाल गं बाई घाव."

मायलेकराला खाली सतरंजीवर घेतलं, आणि बसले घाव! फळ्या फोडून शेगडीत घातल्या. विणायला दोर कुठला? केराई गोठ्यात पळाली, सगळ्या बैलांची दावी सोडून आणली आणि त्या दाव्यांनी पलंगच बाजेसारखा विणून काढला. चिमाला वर निजवलं, पोर कुशीत दिलं.

बैल तर एकाहून एक मारके, आणि आता मोकळे! पण असं म्हणतात, ते ओळीनं दारात येऊन उभे राहिले. शेपूटसुद्धा हलवलं नाही. अंगात ऊब शिरली, चिमानं डोळे उघडले, पोर टाहो फोडून रडलं, तसे सगळे बैल हंबरले आणि पलंगावरचे लाकडी मोर ओरडले! मोर ओरडलेच नाहीत म्हणणाऱ्याला टेंभुरखेड्यात अजून कुणी पाणी विचारत नाही.

पोर म्हणजे मुलगी. पाटलानं तिचं नाव केराईच ठेवलं.

आजही गावात कुणा बाईचे दिवस भरले की तो पलंग तिच्या घरी जातो. पहिला वेढा त्या घरच्या बैलाच्या दाव्याचा, आणि बाळ रडेपर्यंत बैल मोकळा. पाटलाचा पलंग कुणी म्हणत नाही. पोरं धावत येऊन सांगतात, "केराईची बाज मागितलीय."