ज्याचा त्याचा पावा

ज्या काळी गावांना नावं होती, पण वाटांवर पाट्या नव्हत्या, त्या जुन्या काळची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनीही हातातलं काम बाजूला ठेवून थोडा वेळ शेजारी बसावं.

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथे केरबा नावाचा पत्र्याचं काम करणारा कारागीर आपल्या बायकोबरोबर, शेवंताबरोबर राहायचा. डबे, दिवे, चाळण्या, नरसाळी असं सगळं तो करायचा. पण त्याचा खरा जीव होता पाव्यांत. पत्र्याची पट्टी कापायची, लाकडी दांड्यावर गुंडाळायची, कथलाचा डाग देऊन शिवण बुजवायची. तोंडात लाकडाची खुंटी अशी बसवायची की फुंकरीला जेमतेम वाट राहील. खुंटीच्या पुढे एक चौकोनी खिडकी कापायची आणि खाली बोटांसाठी भोकं पाडायची. फुंकर त्या खिडकीच्या धारेवर आपटली की मुका पत्रा बोलू लागायचा.

पत्रा मिळेल तो असायचा. कधी फुटक्या डब्याचा जाड, कधी जुन्या दिव्याचा पातळ. दांडाही हाताला लागेल तो. त्यामुळे एखादा पावा घुमायचा, एखादा पाखरासारखा चिवचिवायचा, एखाद्यात सुरापेक्षा फुंकरीचा सुस्काराच जास्त ऐकू यायचा. एकाचा आवाज दुसऱ्याला नसायचा. केरबाला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

हे पावे बहुतेक करून धनगर घ्यायचे. उन्हाळ्यात रानातलं पाणी आटलं की सगळे कळप गावाजवळच्या एकुलत्या एका तळ्यावर यायचे. दुपारभर मेंढरं पाणी पीत, एकमेकांच्या अंगाला अंग लावून बाभळींच्या सावलीत बसत. कुणाचं मेंढरू कुठलं, हे ओळखायची सोय उरत नसे. पण ऊन उतरलं की प्रत्येक धनगर आपापल्या वाटेला उभा राहायचा आणि आपला पावा फुंकायचा. त्याबरोबर मेंढरं उठत आणि ताकातून लोणी वेगळं व्हावं तशी निमूट वेगळी होत. हे इतकं रोजचं होतं, की त्याचा विचार करावा असं कुणालाही वाटलं नव्हतं. केरबालाही नाही.

एका वर्षी राजाच्या दरबारातला एक वादक आपल्या सोबत्यांबरोबर त्या वाटेने चालला होता. केरबाच्या ओसरीवर तो पाणी प्यायला थांबला. त्याने पावे हातात घेऊन पाहिले, शिवणीवरून बोट फिरवलं आणि कामाची तोंडभरून तारीफ केली. मग त्याने एक पावा स्वतः घेतला, एक आपल्या एका सोबत्याला दिला, आणि दोघांनी एकच धून सुरू केली. ती ऐकून ओसरीवरचं कुत्रं उठून गेलं.

वादक हसला नाही. तो समजुतीने म्हणाला, "हात उत्तम आहे तुमचा. पण हे पावे एकमेकांशी बोलत नाहीत. आम्हाला उत्सवात सगळ्यांनी मिळून वाजवायला हवे आहेत. सगळ्यांचा सूर एक पाहिजे."

तो काही दिवस गावात राहिला. त्याने केरबाला एकाच जाडीचा पत्रा आणून दिला, एकच दांडा वापरायला सांगितला, भोकांच्या खुणा करायला एक मापपट्टी करवून घेतली. केरबाने त्या मापाने पावे केले. वादकाच्या सोबत्यांनी ते सगळे मिळून वाजवले, तेव्हा इतके जण वाजवत असूनही एकच मोठा पावा वाजतोय असं वाटलं. केरबाच्या अंगावर काटा आला. वादकही खूश होऊन, त्याला शाबासकी देऊन, आपल्या वाटेने गेला.

इथवर सगळं ठीक होतं. बिनसलं ते पुढे.

केरबाला आपल्या जुन्या पाव्यांची लाज वाटू लागली. इतकी वर्षं आपण वाकडंतिकडं काम करत आलो, आणि लोकांनी भिडेखातर ते चालवून घेतलं, असं त्याच्या मनाने घेतलं. शेवंताने विचारलं, की धनगरांनी कधी तक्रार केली होती का? त्यावर तो म्हणाला, की त्यांना बिचाऱ्यांना सुरातलं काय कळणार.

त्या उन्हाळ्यात धनगर आले तेव्हा केरबा मापाने केलेले नवे पावे घेऊन तळ्यावर गेला. जुना द्या आणि नवा घ्या, असं त्याने सांगितलं. नवे पावे चकचकीत होते. हलक्या फुंकरीने वाजत, लांबवर ऐकू जात. धनगरांनी हौसेने घेतले. लगमाई नावाची एक म्हातारी धनगरीण तेवढी घुटमळली. पण तिचा पावा गंजून चिरला होता, म्हणून तिनेही घेतला. केरबाने जुने पावे घरी नेले, कापून सपाट केले आणि दिव्यांच्या बुडांना ठिगळं म्हणून लावून टाकले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तळ्याकडून आरडाओरड ऐकू आली. बातमी गावात पोचली, की कळप एकमेकांत मिसळलेत आणि काल संध्याकाळी कुणाची मेंढरं कुणाबरोबर गेली याचा पत्ता नाही. मुक्कामावर बांधून ठेवलेली कोकरं आयांची वाट बघत उपाशी राहिली होती. धुळा नावाचा धनगर आपल्या सख्ख्या मेहुण्यावर चोरीचा आळ घेत होता. मेहुणा म्हणत होता, की पुन्हा या रानात पाय ठेवणार नाही आणि बहिणीचं तोंडही बघणार नाही.

केरबाला वाटलं, यांना नवा पावा नीट फुंकता येत नसेल. आपण फुंकून दाखवू, या विचाराने तो तळ्यावर गेला. शेवंता त्याच्या मागोमाग गेली.

सगळी मेंढरं परत तळ्यावर आणली होती. धनगर आपापल्या वाटेला उभे राहिले आणि पुन्हा फुंकू लागले. सगळीकडून एकच सूर आला, स्वच्छ आणि गोड. क्षणभर केरबाला बरं वाटलं. मग त्याचं लक्ष मेंढरांकडे गेलं. ती उठली होती, पण जायचं कुठे हे त्यांना कळत नव्हतं. चार पावलं इकडे पळायची, थांबायची, मान वळवून तिकडे पळायची. एक मेंढी तळ्याच्या मधोमध गुडघाभर पाण्यात उभी राहून नुसती ओरडत होती, आणि मुक्कामावरून तिचं कोकरू तिला ओ देत होतं.

लगमाई केरबाजवळ आली. रागावलेली नव्हती, थकली होती.

"बाबा, तुझा पावा ग्वाड हाय," ती म्हणाली, "पर त्यो माझा न्हाई. माझी मेंढरं मला वळखत्यात ती डोळ्यानं न्हाई, त्या चिरक्या आवाजानं."

ज्याला केरबा खोट समजत होता, त्याच्याच भरवशावर ही माणसं इतकी वर्षं आपली मेंढरं सांभाळत होती. आणि ती खोटच त्याने कौतुकाने काढून घेतली होती. त्याने शेवंताकडे पाहिलं. घरी जाऊन ती त्याची कात्री, कानस, कथील, शेगडी आणि घरात होता नव्हता तो सगळा पत्रा गाढवावर लादून घेऊन आली.

केरबा बाभळीखाली बसला आणि त्याने लगमाईला तिच्या जुन्या पाव्याचा आवाज तोंडाने काढून दाखवायला सांगितलं. तिने बोळक्या तोंडाने एक चिरका, थरथरता सूर काढला. केरबाने पातळ पत्रा निवडला, बोटभर आखूड कापला, डाग दिला, खुंटी बसवली. फुंकून पाहिला. एकही मेंढरू हललं नाही.

त्याने खिडकी कानशीने किंचित रुंद केली. काही नाही. आणखी एक घासा दिला, खुंटी जराशी तिरपी केली आणि पावा लगमाईच्या हातात दिला. तिने फुंकला. सुरात तो जुना सुस्कारा मिसळला, आणि कळपाच्या आतून एका म्हाताऱ्या मेंढीने मान वर केली. तिचे कान पुढे झाले. ती उठली, गर्दीतून वाट काढत निघाली. तिच्यामागे दुसरी उठली, मग तिसरी, आणि बघता बघता सगळा कळप लगमाईच्या भोवती गोळा झाला. म्हातारी खाली बसून त्यांच्या तोंडावरून हात फिरवत राहिली.

मग कुणाला बोलवावं लागलं नाही. एकेक धनगर येऊन केरबाजवळ बसू लागला. कुणी आपला सूर गुणगुणला, कुणी हाताने खूण करून सांगितलं की तो याहून जाड होता. केरबा करायचा, फुंकायचा आणि मेंढरांकडे बघायचा. पावा जमला की नाही, हे मेंढरांचे कान सांगायचे. धुळाचा कळप निघाला तेव्हा मेहुण्याच्या कळपातून त्याची मेंढरं आपोआप बाहेर आली. धुळा ओशाळला. त्याने मेहुण्याच्या हातातली काठी काढून घेतली आणि दोघे एकाच दगडावर बसून तंबाखू मळू लागले.

दिवस कलायच्या आत कोकरं आयांना लुचत होती. लगमाईने धारा काढून केरबाला आणि शेवंताला दूध दिलं, वर गरम भाकरी दिली. केरबाची बोटं कात्रीने सोलवटली होती, पण आज भाकरी त्याला फार गोड लागली.

त्यानंतर केरबाने वादकाची मापपट्टी टाकून दिली नाही. मिळून वाजवणारे आले की तो ती काढायचा आणि एका सुराचे पावे करून द्यायचा. पण दारात कुणीही आलं तरी, तो आधी त्याला बसवून घ्यायचा आणि विचारायचा, की हा पावा ऐकणार कोण आहे. उत्तर मिळाल्याशिवाय तो कात्रीला हात लावत नसे. त्याचं नाव दूरवर झालं. दरबारातही झालं आणि रानातही झालं, आणि त्याचं म्हातारपण समाधानात गेलं.

गोष्ट ऐकलीत, आता एवढं गाठीला बांधा: काम ज्याच्यासाठी करायचं, त्याची गरज हेच त्या कामाचं खरं माप असतं.