भित्र्या दोराची निवड

अवजारांना वाचा होती, त्या काळातली ही गोष्ट. घाटातल्या एका जीपच्या पुढे चरखी होती. दरीत घसरलेल्या गाड्या ती जाड पोलादी तारेने वर ओढायची. एकदा ओढता ओढता तार तुटली आणि सणसणत येऊन जीपची काच फोडून गेली. काचेमागे बसलेला मालक थोडक्यात वाचला. तेव्हापासून चरखीच्या पोटात भीती बसली ती बसलीच.

मालकाने तिच्यापुढे नवी तार आणि नायलॉनचा दोर टाकला. "तुला हवा तो घे, बाई."

तार म्हणाली, "मला घे. मी कशालाच भीत नाही."

दोर हळूच म्हणाला, "मला धारदार दगडाची भीती वाटते. दगडावर गोणपाट टाकाल ना? आणि मी ताणलो की माझ्या वाटेत कुणी उभं राहू नका."

"भित्रट कुठला!" तार खदखदून हसली.

चरखीला आठवलं, जुनी तारही अशीच हसायची, ग्रीसखाली तुटके धागे लपवून. चरखीने दोर घेतला.

संध्याकाळी दरीतून हाका आल्या; एक गाडी खाली घसरली होती. मालकाने दगडावर गोणपाट टाकलं, माणसांना लांब केलं. दोर ताणला आणि थरथरू लागला. चरखीही थरथरत होती. तिची भीती काही गेली नव्हती; पण आता भिणारे दोघं होते, आणि गाडी वर येत होती.