बर्फातला खादाड

पूर्वी शूर्पारक नगरात, म्हणजे आपल्या सोपाऱ्यात, जयसेन नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्या नगरात नव्हते आणि त्या राजाच्या राज्यातही नव्हते. ते पूर्वेच्या समुद्रापलीकडे होते. जिथं सूर्य सगळ्यांच्या आधी उगवतो आणि हिवाळ्यात बर्फ घराच्या वळचणीला टेकतो, त्या बेटावर बोधिसत्त्व हरिणाच्या जन्माला आले होते. आज आपण त्या मुलखाला जपान म्हणतो. रुंद छाती, फांद्यांसारखी शिंगं, आणि मागं सारा कळप. डोंगर सांगेल ते खायचं आणि कळपाला खाऊ घालायचं, असं त्यांचं चाललं होतं.

त्या डोंगराच्या पायथ्याशी गाव होतं आणि गावाच्या कडेला किनु नावाची बाई राहत असे. नवरा कोळसा पाडायला रानात जाई, मुली सासरी गेलेल्या. तेव्हा किनुला दिवसभराचं काम म्हणाल तर एकच उरलं होतं, कोणाच्या घरात काय चाललंय ते पाहणं. वाईट मनानं नव्हे. कोणाच्या चुलीतून धूर निघाला नाही तर पेज घेऊन पहिली तीच धावे. पण धूर निघाला तर तो कशाचा, हेही तिला कळायला हवं असे.

त्या साली तिच्या शेजारच्या रिकाम्या घरात शूर्पारकाचा व्यापारी राहायला आला. त्याचं नाव सोमिल. रेशीम घ्यायला आला होता, पण परतीचा वारा सुटेपर्यंत गलबत हलणार नव्हतं, म्हणून हिवाळा इथंच काढणं भाग होतं. किनुनं कुंपणाचा एक बांबू जरा बाजूला सरकवला आणि दुसऱ्या दिवसापासून तिचा वेळ बरा जाऊ लागला.

पहिला बर्फ पडला तेव्हा सोमिल अनवाणी अंगणात आला. तळहातावर बर्फ झेलून त्यानं जीभ लावली. मग असतील नसतील ती सगळी वस्त्रं अंगावर गुंडाळून तो दिवसभर बाहेर हिंडला. दुरून पाहावं तर गाठोडंच चाललेलं. कोल्ह्याच्या पावलांची रेघ धरून तो ओढ्यापर्यंत गेला. हिवाळ्यासाठी पांढरे झालेले ससे पाहून हसला. गोठलेल्या शेतात क्रौंचांची जोडी एकमेकांभोवती नाचत होती, तिथं तो इतका वेळ उभा राहिला की किनुला वाटलं, गोठला बहुतेक. ती गरम पाणी घेऊन गेली, तर त्याचे डोळे भरलेले.

"किनुअक्का," बंदरावर शिकलेल्या मोडक्या भाषेत तो म्हणाला, "आमच्याकडे मिठागरं असतात. उन्हात असंच चमकतं. पण तुमचं मीठ आभाळातून पडतं, आणि गोड लागतं."

"खा, शेटजी, खा," किनु म्हणाली. "छपरावरचंही तुम्हीच खाऊन टाका. मला फावडं मारावं लागणार नाही."

पण खरं सांगायचं तर त्या दिवसापासून किनुही बर्फाकडे पाहू लागली. जन्म गेला होता तिचा तो उपसण्यात. तो निळा दिसतो, संध्याकाळी गुलाबी होतो, हे तिला परक्या मुलखातल्या माणसानं दाखवलं.

सोमिलची एक रीत होती, घरून आणलेली. जेवायला बसण्याआधी पहिला घास मुक्या प्राण्यासाठी बाहेर ठेवायचा. आईनं लावलेली सवय, ती कुठं सुटते. इथं गाय नव्हती, कावळे फिरकत नव्हते, म्हणून तो भाताचा घास अंगणातल्या दगडावर ठेवी.

गावाचीही एक रीत होती. तिथं टेंभुर्णीच्या जातीचं एक झाड असतं, फळं मात्र मोठी आणि केशरी. ती उतरवताना शेंड्याचं एक फळ पाखरांसाठी सोडायचं. मात्र एकदा बर्फ पडला की डोंगरातल्या जनावरांना आपल्या हातानं काही घालायचं नाही. किनुनं हे सोमिलला सांगितलं. त्यानं विचारलं, का? आता का ते किनुलाही कोणी सांगितलं नव्हतं. आजेसासू म्हणायची, डोंगराचं डोंगराला ठाऊक, बस्स.

"म्हणजे पाखराला फळ, आणि हरणाला उपास?" सोमिल म्हणाला. "अक्का, ही रीत एखाद्या चिक्कू माणसानं काढली असणार."

किनुला हसू आलं. तिची आजेसासू चिक्कू होतीच.

एका सकाळी दगडाजवळ हरणाचे खूर उमटलेले होते आणि घास गेला होता. सोमिलला झालेला आनंद काय सांगावा. दुसऱ्या दिवशी त्यानं वाडगाभर जव ठेवले. मग सूपभर. हरणं एक एक करून येऊ लागली. त्यांच्या पाठीवर बर्फ, नाकपुड्यांतून वाफ. सोमिल आणि किनु खिडकीशी बसून पाहत. किनुनं कुंपणाचा बांबू जागेवर लावला. आता लपून पाहण्याची गरज नव्हती.

तिकडे डोंगरात बोधिसत्त्वांनी कळपाला एकत्र बोलावलं. ते म्हणाले, की पानगळ झाली तसं आपलं पोट साल आणि बांबूचा पाला यांवर बेतलेलं आहे. आता ते दुसरं काही ओळखत नाही. हेच दाणे उन्हाळ्यात पचले असते, आज ते पोटात आंबतील. माणूस वाईट नाही, पण त्याच्या अंगणात जाऊ नका.

कळपात पिंगला नावाची हरिणी होती, गाभण आणि जिभेची तिखट. ती म्हणाली, "राजा, तू एकट्यासाठी खातोस. माझ्या पोटात आणखी एक पोट आहे. तुझ्या सालीवर ते जगेल?"

"सालीवरच जगेल," बोधिसत्त्व म्हणाले.

बाकीची हरणं कुजबुजली, म्हातारा झाला की ज्याला त्याला उपासाचं कौतुक सुचतं. भूक लागलेल्याला ज्ञान सांगणं म्हणजे बर्फात बी पेरणं. ती पुन्हा अंगणात गेली.

लवकरच एक तरणं हरीण ओढ्याकाठी मेलेलं सापडलं. सोमिल त्याच्याशेजारी बर्फात बसून रडला.

"उपाशी मेलं, अक्का. आपण कमी घातलं."

किनुनं हरणाच्या पोटावर हात ठेवला. पोट ढोलासारखं ताणलेलं होतं. उपाशी पोट असं नसतं, हे तिला कळत होतं. पण शेजारचा माणूस रडत असताना असलं काही बोलवत नाही. ती घरी गेली आणि आपल्या कणगीतले जव टोपली भरून घेऊन आली.

त्यानंतर बोधिसत्त्व स्वतः अंगणात येऊ लागले. खाण्यासाठी नव्हे. कुंपणाच्या तोंडाशी उभे राहायचे आणि येणाऱ्या हरणांना शिंगांनी मागं ढकलायचे. सोमिलला दिसलं ते एवढंच, की एक दांडगा नर दुबळ्यांना दाण्यांपाशी येऊ देत नाही. त्यानं त्याचं नाव खादाड ठेवलं. आधी त्याला बर्फाचे गोळे मारले, मग जळणाची लाकडं. किनुही मारायची. तिचा नेम चांगला होता.

आपल्याकडचा संक्रांतीचा दिवस आला. सोमिलला घर आठवलं, आईचा हात आठवला. सणाच्या दिवशी दारचं कोणी अर्धपोटी राहू नये म्हणून त्यानं घरातले सगळे जव अंगणात ओतले. पांढऱ्या बर्फावर पिवळी रास. सारा कळप कुंपणापाशी आला, पुढं पिंगला, जड पोटानं पाय ओढत.

बोधिसत्त्वांनी कळपाकडे पाहिलं. आज इतक्यांना शिंगांनी अडवता येणार नव्हतं. बोलून तर कधीच आलं नव्हतं. एकच वाट राहिली होती, रास संपवण्याची. ते राशीवर आडवे उभे राहिले आणि खाऊ लागले.

कोणी जवळ आलं की शिंगं फिरवायची आणि पुन्हा तोंड खाली. दाणे गोड होते. पोट भरलं तरी ते खात राहिले, दुखू लागलं तरी खात राहिले. सोमिल लाकूड घेऊन धावला. पाठीवर मारलं, मानेवर मारलं. जनावर हललं नाही. किनु दारातून पाहत होती. मार खातानाही न पळणारं हरीण तिनं जन्मात पाहिलं नव्हतं.

"एवढा सण, आणि एकट्याच्या नरड्यात गेला," सोमिल म्हणाला. "मर खाऊन."

ऊन उतरलं तेव्हा बोधिसत्त्व त्या केशरी फळाच्या झाडाखाली कोसळले. शेंड्यावरचं फळ पाखरांनी कधीच संपवलं होतं. पिंगला जवळ गेली. तिनं त्यांचं तोंड हुंगलं आणि ती थबकली. ओढ्याकाठी मेलेल्याच्या तोंडाला हाच आंबूस वास होता. ती तशीच उभी राहिली, त्यांचा श्वास थांबेपर्यंत. मग वळली आणि तिच्यामागं सारा कळप डोंगर चढून गेला.

दुसऱ्या दिवशी गावच्या पुरुषांनी ते हरीण फाडलं. जिथं चार माणसं तिथं किनु, तेव्हा तीही होती. पोटातून जव निघाले, अख्खेच्या अख्खे, आंबलेले. वाफ येत होती. एक म्हातारा नाक मुरडून म्हणाला, पचलंच नाही की याला काही. बाकीचे वाटे घालू लागले. किनुला एकदम ते ढोलासारखं पोट आठवलं, कुंपणाशी आडवी झालेली शिंगं आठवली, पाठीवर पडणारं लाकूड आठवलं. लाकडांतली काही तिच्याच हातची होती. ती आपला वाटा न घेता घरी आली.

सोमिल खिडकीशी बसला होता. उसने आणलेले जव त्यानं दगडावर ठेवले होते आणि वाट पाहत होता.

"आता येतील ती बिचारी," तो म्हणाला. "खादाड गेला ना."

ज्या बाईच्या तोंडात तीळ भिजत नसे, त्या बाईनं तोंड उघडलं आणि मिटलं. सांगितलं तर हा माणूस हा हिवाळा जन्मभर उरावर घेऊन फिरेल. नाही सांगितलं तर त्या मेलेल्याचं नाव कायमचं बुडेल. मेलेल्याला थंडी वाजत नाही, असं तिनं मनाला समजावलं.

"नाही यायची शेटजी आता," ती एवढंच म्हणाली. "जव परत करा ज्याचे त्याला."

हरणं आली नाहीत. सोमिलनं उरलेला हिवाळा त्या दगडाकडे पाहत काढला. क्रौंच नाचत होते, पण तो गेला नाही. बर्फ त्याला नुसता पांढरा दिसू लागला. एका खादाडामुळं सगळं नासलं, असं तो येईल त्याला सांगे. किनु छपरावरचा बर्फ उपशी आणि खाली मान घालून ऐके.

वारा सुटला तेव्हा तो गेला. जाताना शिंगं घेऊन गेला. ती त्यानं शूर्पारकात दारावर लावली आणि पोरांना गोष्ट सांगितली, लोभानं फुटून मेलेल्या हरणाची. पोरं हसत. पुढं त्या नगरात अधाशी माणसाला 'सोमिलाचं हरीण' म्हणू लागले. बर्फ वितळल्यावर डोंगराच्या कडेला किनुला पिंगला दिसली, पायाशी पाडस. तिनं हाक मारली नाही आणि काही घातलंही नाही. तिला ज्याला हे दाखवायचं होतं तो समुद्रापलीकडे होता.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा जेतवनातल्या विहारात सांगितली तेव्हा समोर श्रावस्तीचा एक उपासक बसला होता. त्याच्या दारातून कोणी उपाशी जात नसे, आणि काय खाणार म्हणून त्यानं कधी कोणाला विचारलंही नव्हतं. शास्ते म्हणाले, "त्या वेळचा सोमिल म्हणजे हा उपासक. पिंगला म्हणजे या सभेत बसलेली ही भिक्षुणी, जिनं बोलण्यापेक्षा वासावरून धर्म ओळखला. किनु म्हणजे याची शेजारीण, जी तो काय विचारतो ते ऐकायला त्याच्या मागोमाग इथं आली आहे. आणि तो खादाड म्हणजे मीच होतो."

उपासकानं मान वळवून शेजारणीकडे पाहिलं. सगळ्या आळीच्या बातम्या जिच्या जिभेवर, ती खाली पाहत होती.

"भन्ते," तो म्हणाला, "मी दयेनंच घातलं होतं."

"हो," शास्ते म्हणाले. "दया खरी होती. दाणेही चांगले होते. फक्त पोट कोणाचं, ते तू विचारलं नाहीस."

त्या जन्मी बोधिसत्त्वांच्या हातून जी पारमी, म्हणजे बुद्धत्वाकडे नेणारा जो गुण, पूर्ण झाली तिला क्षांती म्हणतात. ज्यांच्यासाठी मरायचं त्यांच्याच शिव्या खात मरायचं, आणि त्यांनी आपल्याला नंतर तरी ओळखावं, अशी अपेक्षासुद्धा मागं ठेवायची नाही.