मैनेचं कशिदाघर

निळ्या डोंगरांच्या कुशीत एक गाव होतं. तिथल्या बायका कापडावर असे मोर भरायच्या, की वाटावं, आत्ता उडतील! पण मोर भरणाऱ्या बायका मात्र फार दमलेल्या असायच्या. चिमुकल्या मैनेची आई तर सगळ्यांत जास्त. अंधाऱ्या खोलीत एकटीनेच टाके घालून घालून तिचे डोळे लाल व्हायचे, बोटं सुजायची.

"आई, जरा पड ना गं," मैना म्हणायची.

"एवढं पान भरते आणि पडते हं," आई म्हणायची. पण पानामागून पान यायचं आणि पडणं राहूनच जायचं.

एका सकाळी दोरे रंगवायला पारिजातकाची फुलं हवी होती, म्हणून मैना बागेत गेली. पांढरीशुभ्र फुलं, केशरी देठ, दवाचे लुकलुकते थेंब! आणि फुलांच्या ढिगात कोण बसलं होतं? इवलीशी परी! पंख सोनेरी, पण बिचारी सारखी जांभया देत होती. समोर फुलपाखरांची रांगच रांग.

"यांच्या पंखांवर टिकल्या भरायच्यात," परी म्हणाली, "पण माझे हात बाई गळून गेले!"

आईला मदत करून करून मैनाही दमलीच होती. तरी तिने परीच्या हातातली सुई घेतली. "तू नीज जराशी. मी भरते."

निळी, जांभळी, पिवळी... उन्हं वर येईपर्यंत मैना टिकल्या भरत राहिली.

परी जागी झाली नि हसली. "माग हवं ते. पण एकच."

'आपोआप चालणारी सुई!' अगदी ओठांवर आलं होतं मैनेच्या. पण मोराचा डोळा साधला की आई कशी खुदकन हसते, ते तिला आठवलं. सुईने ते हसूच नेलं तर?

"सगळ्या बायकांना एकत्र बसायला एक उजेडाचं घर दे," ती म्हणाली.

"दिलं! पण दमलेल्या हाताला तिथे कुणी टाका घालायला लावायचं नाही. लावलं, की घर दवासारखं विरून जाईल."

बागेत खिडक्याच खिडक्यांचं घर उभं राहिलं. बायका आल्या, दोरे आले, गप्पा आल्या. कशिदाघराचं नाव दूरवर गेलं. मैना मोठी होऊन तिथली कारभारीण झाली.

एकदा खुद्द राणी आली. "राजकन्येचा शालू आज संध्याकाळी हवा! नाहीतर महालाचं काम पुन्हा मिळायचं नाही."

काठ भरून झाला होता. पदर बाकी होता. दमलेल्या बायकांच्या हातून सुया निसटत होत्या. म्हातारी आई तरीही सुईकडे वळली. मैनेने तिचा हात धरला.

"आई, राहू दे. राणीसाहेब, आज व्हायचा नाही. हात दमलेत."

राणीच्या कपाळाला आठी पडली. मग तिची नजर आईच्या सुजलेल्या बोटांवर गेली.

"हा काठ... या बोटांनी भरलाय?" तिचा आवाज उतरला. "आज काठ पुरे. पदर सावकाश भरा." मग ती हळूच खिडकीपाशी टेकली. "मलाही जरा बसू दे गं. सकाळपासून उभीच आहे."

तेवढ्यात खिडकीत सोनेरी पंख चमकले. "माझी अट सुटली, मैना," परी म्हणाली. "दमलेल्या हातांना तुम्ही आपणहूनच जपता. आता हे घर तुमचं." बघता बघता ती उजेड झाली, आणि उजेडात मिसळून गेली.

आई भिंतीला टेकून केव्हाच झोपली होती. तिला कुणीही उठवलं नाही.