गवंड्याच्या बायकोचा दगड

“...मग मी तेराव्यालाही गेलो नाही, ते योग्यच झालं ना, महाराज?”

जनार्दन पुन्हा तेच विचारत होता. पूर्वी तो कॉलेजात इतिहास शिकवायचा. बायकोला, कुमुदला, मागं टाकून मठात आला. गेल्या महिन्यात ती वारल्याचा निरोप आला, तेव्हा त्यानं चालू असलेला जपसुद्धा मोडला नाही. त्याच्या वैराग्याची मठात वाहवा झाली.

त्याचे गुरू अच्युतगिरी महाराज तेवढे त्यात नव्हते.

आज म्हणाले, “चल, शहरात जाऊन येऊ.”

संग्रहालयात रोमन लोकांच्या रोजच्या वापरातल्या वस्तू मांडल्या होत्या. दिवे, फण्या, काजळी धरलेली मडकी. जनार्दनाला जुना हुरूप आला.

“ही आंबवलेल्या माशांच्या रसाची बरणी, महाराज. हा वाटणाचा खल. आणि गरिबाघरी बऱ्याचदा चूलच नसायची. बाहेरून आणून खात.”

“बरंच ठाऊक आहे तुला.”

तो सुखावला.

पुढं काचेमागं एका थडग्यावरचा दगड होता. बाजूला मराठीत अर्थ लिहिलेला.

“वाच. मला दिसत नाही.”

“‘फेलिक्स गवंड्यानं बायकोसाठी हा दगड घडवला. ती लोकर कातायची. जिना चढताना गुणगुणायची. डाळीत मीठ जास्त घालायची आणि बोललं की हसायची.’”

वाचता वाचता जनार्दनालाच हसू फुटलं.

“बघा ना, महाराज! तो गेला, ती गेली, त्यांचं रोमही गेलं. उरलं काय, तर मिठाचं गाऱ्हाणं! यालाच मोह म्हणायचं.”

“हं... कुमुदच्या दगडावर तू काय लिहिशील?”

“ती... सोशिक होती.”

“मेलेल्या सगळ्याच बायका सोशिक असतात. पुढं?”

जनार्दन आठवू लागला. स्वयंपाकघराचं दार आठवलं. ओट्यापाशी उभी पाठमोरी कुमुद आठवली. ती गुणगुणायची का? तिला काय आवडायचं? ती जेवायची कधी?

...

“महाराज...”

महाराज थांबून राहिले. मागची माणसं त्यांना वळसा घालून पुढं गेली.

“आठवत नाही, महाराज.”



त्यानं काचेवर कपाळ टेकलं. कसाबसा म्हणाला,

“मला घरी जाऊ द्या.”

महाराजांनी त्याच्याकडं पाहिलं.

“कुणाच्या?”