धुरपाआजीचा हात

"कमरेचं हाड तर चांगलं ऐसपैस आहे, मग तालुक्याला कशाला न्यायचं?"

वृषाली सिस्टर हातमोजे काढता काढता असं बोलली आणि माझ्या जिवात जीव आला. कौसा माझी थोरली लेक. पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. दिवस भरत आलेले.

धुरपाआजी दाराशी बसली होती. आमच्या भागातली जुनी सुईण, आता दोन्ही डोळ्यांनी आंधळी. सिस्टर सरकारी शिक्षण घेतलेली, पण दोन महिने आजीच्या मागे हिंडून हात शिकत होती. आता शिकायचं काही उरलं नाही, असं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"तालुक्याची जीप उभी आहे ना?" आजीने मला विचारलं.

"आहे. आता गेली की शुक्रवारीच येणार."

"मग कौसाला घाल तिच्यात."

"आजी, मी स्वतः तपासलंय!" सिस्टर चिडली. "आतून बोटांनी मापलंय. कुठं म्हणून अडचण नाही."

"घर मापलंस. बरं केलंस... पाव्हणा मापलास का?"

सिस्टर काही बोलायच्या आत आजी उठली. चाचपडत घरभर फिरली आणि झाकणं काढत सुटली. पिठाचा डबा, मिठाची बरणी, माझी लग्नातली पेटी. तिची ही जुनी रीत, पोटाला हात लावण्याआधी घरात काही बंद ठेवायचं नाही. भर दुपारी माझं घर लुटून नेल्यासारखं दिसायला लागलं. बाहेर जीपवाला मघापासून हॉर्न मारत होता, तोही का कोण जाणे गप्प झाला.

मग ती कौसाच्या पोटावर वाकली.

"का रे... खाली का येईनास?"

कान लावला. थांबली. उत्तर मिळाल्यासारखी मान हलवली.

देवाशपथ सांगते, ती पोटातल्या पोराशी नाही, आणखी कुणाशी तरी बोलत होती.

सिस्टर हसली. "काय म्हणतोय?"

"हात दे."

आजीने सिस्टरचा हात ओटीपोटावर, हाडाच्या जरा वर ठेवला. त्यावर आपला ठेवला.

"ढकल."

सिस्टरने ढकललं. मला बाहेरूनही दिसलं. डोकं खाली गेलंच नाही. हाडाच्या काठावर अडलं आणि हात सैल होताच पाण्यातल्या नारळासारखं वर आलं.

"पहिलटकरणीचं डोकं एव्हाना आत बसतं," आजी म्हणाली. "हे अजून काठावरच आहे."

सिस्टरने पुन्हा ढकललं. पुन्हा तेच. तिचं तोंड पांढरं पडलं.

"जीप थांबवा," ती म्हणाली.

शुक्रवारी जीपवाल्याने निरोप आणला. कळा आल्या, डोकं अडलं ते अडलंच, शेवटी ऑपरेशन करून काढलं. मुलगा. दोघंही सुखरूप. मी तिथंच मोठ्याने रडले. लाज कसली त्यात?

साडीचोळी घेऊन आजीकडे गेले, तर सिस्टर आधीच तिच्या पायाशी बसलेली. ताठा उतरला होता, पण प्रश्न काही संपले नव्हते.

"आजी, खरं सांगा. तुमचा हात कधीच चुकला नाही?"



आजीने हात पुढे केला. बोटं सिस्टरच्या केसांत शिरली आणि सावकाश फिरू लागली, पोटावरून फिरायची तशी. कानामागे एका जागी थांबली.

"हा खळगा कसला?"

"जन्मापासूनचा आहे."

"जन्म कुठला गं तुझा?"

"आजोळचा. नदीपल्याड, खडकवाडीला. मामांनी वाढवलं मला." सिस्टरचा आवाज खाली गेला. "आई... मला बघायला राहिली नाही."

आजीने बोट काढलं नाही. ते त्या खळग्यात असं नेमकं बसलं होतं, की मला तिथं उभं राहवेना. हातातली साडी मी छातीशी घट्ट धरली.

"तेव्हा मला डोळे होते," आजी म्हणाली. "हाड नीट मोजलं होतं मी... तुझं डोकं मोजलं नव्हतं, पोरी."